मार्च-एप्रिलची परसबाग: अवकाळी येऊन गेल्यावर घाई करू नका

होळीत थंडी जळते म्हणतात, पण हल्ली पुण्या-नाशकाकडं होळी झाली तरी पहाटे चादर लागते, दुपारी पारा 36-37 वर, मधेच दोन-चार दिवस ढग आणि नशीब फिरलं तर गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर कोणीच विसरलं नसेल. पण घरच्या बागेचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, पावसानं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान पावसानंतर आपण जी धावपळ करतो त्यानं होतं.

पहिलं म्हणजे पाणी. ढग आले तरी सवयीनं रोज झारी फिरतेच. तसं नको, बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, मग कॅलेंडर काही का म्हणेना. पाऊस पडला असेल तर कुंडीखालच्या ताटल्या लगेच रिकाम्या करा. आणि उलटही होतं बरं का, शिडकावा पडला म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि माती भिजलेली असते वरची अर्धा इंच, दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं की झाड माना टाकतं. टोमॅटोला देठाजवळ चिरा पडतात त्या यामुळंच, कोरडी माती एकदम भिजली की फळ आतून फुगतं आणि साल तेवढी ताणत नाही. फळाच्या बुडाशी काळा चट्टा येतो तो कॅल्शियम न पोचल्यामुळं, त्यावर लोक अंड्याची टरफलं टाकतात, ती कुजायला महिनोन्महिने लागतात, तोवर सीझन संपतो. बहुतेक वेळा पाणी एकसारखं ठेवलं आणि बुडात पाचट नाहीतर वाळल्या पानांचा दोन-तीन इंच थर दिला तर पुढची फळं चांगली येतात.

आता वेलांकडं. काकडी-दुधीच्या जुन्या पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, बोटानं पुसले जात असतील तर ती भुरी. दिवसा गरम, रात्री गार असलं की ती हमखास येते. सुरुवातीला खालची पानं काढून टाका, आंबट ताक पातळ करून फवारलं तरी बऱ्यापैकी आटोक्यात राहते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम चालतं, पण संध्याकाळी, आणि पारा 32-33 च्या वर जात असेल तर अजिबात नको, काकडीवर्गाची पानं भाजतात. निंबोळी तेल मारलं असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या. पानावर शिरांच्या मधे कोनाकोनाचे पिवळे डाग आणि खालून करडी बुरशी असेल तर तो केवडा, तिथं गंधकाचा उपयोग नाही.

मिरचीची पानं वर वळली तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळली तर कोळी (माइट्स). फूल तोडून पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळट किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लावा. टोमॅटोची फुलं गळताहेत म्हणून टॉनिकवर पैसे घालवू नका, दिवसा 35 च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की परागकण नीट काम करत नाहीत, दुपारची सावली केली तर थोडा फरक पडतो.

गारांचा अंदाज असेल तर कुंड्या भिंतीकडं सरकवा, 50 टक्क्यांचं शेडनेट ताणून बांधा पण उतार ठेवून, सपाट बांधलं की गारा साचून नेटच खाली येतं. विजा चमकत असताना मात्र गच्चीवर जायचं नाही, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप त्यासाठीच आहे. गारा पडून गेल्या की लगेच खत नको, युरिया तर नकोच. फाटलेले शेंडे स्वच्छ कात्रीनं काढा, पानांवरचं पाणी सुकू द्या, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक) लिटरला अडीच ग्रॅम एकदा फवारा, पालेभाजी आणि तोडायला आलेली फळं आधी काढून घ्या. उघडी पडलेली फळं दोन-चार दिवस जुन्या ओढणीखाली ठेवली तर उन्हानं भाजत नाहीत. मोडकी दिसणारी झाडं उपटायची घाई करू नका, वांगी-मिरची बुडातून फुटतात.

भेंडी, गवार, चवळी अजून लावता येईल, भेंडीचं बी रात्रभर भिजवून. कोथिंबीर मात्र सावलीत आणि थोडी-थोडीच टाका, उष्मा वाढला की लगेच फुलावर जाते. वेलांचं राहिलं असेल तर अक्षय्य तृतीयेला आळी (वेल लावायचे गोल खड्डे) करायची रीत आहेच, तोवर आळ्यात शेणखत मिसळून माती तापू द्या.