भात जमिनीलगत कापा, पळींज करणारी अळी धसकटात आहे

शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे हळवे म्हणजे लवकर पिकणारे भात कापून झाले की मध्यम मुदतीचे निमगरवे आणि उशिरा पिकणारे गरवे कापणीला येते. खाचरात पांढऱ्या, पोचट लोंब्या ताठ उभ्या दिसत असतील, तर त्या पळींजीवर आता फवारणी करू नका. गेलेला दाणा भरत नाही, पैसे मात्र जातात.

तशी एक लोंबी ओढून बघा, अलगद हातात येते. मग तीच काडी बुडापासून उपटून उभी चिरा. आत भुशासारखी विष्ठा आणि अळी सापडते. अळी पिवळसर पांढरी, डोके तांबूस असेल तर तो पिवळा खोडकिडा. त्याची अळी भातावरच जगते, त्यामुळे कापणीनंतर तिला धसकटाशिवाय थारा नाही. अंगावर गुलाबी झाक असेल तर तो गुलाबी खोडकिडा. तो नाचणी, मका, ऊस आणि गवतावरही जगतो, म्हणून तिथे बांधही साफ करावे लागतात.

पीक पिकत आले की अळी काडीतून खाली सरकते आणि बुडात बसते. वीतभर धसकट ठेवून कापले की ती शेतातच राहिली! विळा जमिनीलगत चालवा आणि ओल आहे तोवर नांगरून धसकटे वेचून जाळा. चुकते ते इथेच: झोडणी उरकेपर्यंत नांगरट लांबते आणि जमीन दगडासारखी होते. न नांगरता वाल पेरणाऱ्यांनी तर बुडातूनच कापावे.

कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होते त्या शिवारात धोका सर्वांत जास्त, कारण धसकटातून निघालेल्या पतंगाला समोरच रोपवाटिका मिळते. मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते, वर बदामी केसांचे आवरण असते. म्हणून लावणीआधी रोपांचे शेंडे खुडा आणि ते खाचराबाहेर न्या. तिथेच टाकले तर अंडी तिथेच फुटतात. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) पिकाच्या थोडे वर लावा आणि पीक वाढेल तसे उचलत जा.

लावणीनंतर चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा 100 फुटव्यांत 5 गाभेमर (मधला पोंगा वाळलेले फुटवे) दिसले तरच औषध: क्लोरॅंट्रानिलीप्रोल 0.4 टक्के दाणेदार, एकरी 4 किलो, खाचरात 3-4 सेंमी पाणी बांधून. त्याआधी बांधातली खेकड्यांची बिळे बुजवा, नाहीतर औषध पाण्याबरोबर खालच्या खाचरात उतरते.