गावाहून आल्यावर आधी मोरीत तांब्याभर पाणी

दोन-तीन आठवड्यांनी कुलूप उघडलं की घरात गटाराचा वास येतो आणि आपण आधी शंका घेतो उंदरावर. बहुतेक वेळा उंदीर बिचारा निर्दोष असतो. बाथरूमच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात साचलेलं पाणीच गटाराची हवा अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं, मग वास वर येतो आणि त्याच वाटेनं झुरळंही. बॅगा दारातच ठेवा, प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, खिडक्या उघडा. बाल्कनीतली मोरी आणि वॉशिंग मशीनची जाळी हमखास विसरली जाते. कमोडचा फ्लशही एकदा ओढा. पुढच्या वेळी निघताना पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडलंत तर पाणी सावकाश सुकेल.

दुसरं काम उलटं, पाणी ओतून टाकायचं. मुंबईत पावसाळ्यात हे टाळूच नका. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या, अर्धी भरलेली बादली, सगळं रिकामं करून आतून घासा. डेंग्यूचा डास बहुतेक स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो, ती भांड्याला चिकटून राहतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

दूध-पाव, कोथिंबीर कोपऱ्यावरून नंतर आणता येईल. मात्र नळाचं पाणी मिनिटभर सोडून मगच चहाचं आधण ठेवा.