प्लग बसला तरी वीज येतेच असं नाही: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्यांसाठी टेस्लाच्या चार्जरबद्दल

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. नाशिकहून सॅन होजेला नोकरीसाठी येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. लॉस एंजेलिसला चुलतभावाकडे निघाला होता. "मावशी, प्लग बसलाय, पण गाडी काही घेतच नाहीये." आय-५ महामार्गावर केटलमन सिटीला उभा होता. बायको आणि तीन वर्षांची मुलगी गाडीत, बॅटरी ११ टक्के, आणि समोर टेस्लाच्या चार्जरची लांबच लांब रांग. गाडी टेस्लाची नव्हती, पण "आता टेस्लाचे चार्जर सगळ्यांना चालतात" हे त्याने ऑफिसात ऐकलं होतं, आणि ऑनलाइन एक स्वस्तातला अ‍ॅडॉप्टरही मागवून ठेवला होता.

मी म्हटलं, अ‍ॅडॉप्टरचा फोटो पाठव. फोटो बघितल्याबरोबर पोटात गोळा आला. तो घरगुती, हळू चार्जिंगचा अ‍ॅडॉप्टर होता. तो एसी विजेसाठी, म्हणजे घरच्या सॉकेटमधून येते तशा विजेसाठी असतो. फास्ट चार्जर थेट डीसी देतो, म्हणजे बॅटरीत साठते ती वीज. "आधी तो काढ आणि पुन्हा तिथे लावू नकोस," एवढंच म्हटलं. मग नकाशावर जवळचा दुसऱ्या कंपनीचा चार्जर शोधून दिला. तिथे चार्जिंगचे अर्धे खांब बंद, पुढे तीन गाड्या. पोरगी रडून रडून झोपली आणि ते लोक पहाटे पोचले.

मी या देशात १८ वर्षं आहे, आणि टेस्ला नसलेली इलेक्ट्रिक गाडी घेऊन बे एरिया ते लॉस एंजेलिस कितीतरी वेळा केलंय. भाच्याने गाडी घेतली त्याच दिवशी मी त्याला शेजारी बसवून हे सगळं दाखवायला हवं होतं. तेव्हा राहिलं, म्हणून आता लिहिते आहे.

आपल्याकडे पुण्यात किंवा मुंबईत नेक्सॉन चालवून आलेल्यांचा गोंधळ होणं साहजिक आहे. भारतात चारचाकीचं फास्ट चार्जिंग म्हणजे जवळजवळ सगळीकडे सीसीएस-२ नावाचा प्लग. प्लग एकच, भानगड असते ती दहा अ‍ॅपची. इथे प्लगचेच दोन मुख्य प्रकार आहेत. बरीच वर्षं टेस्ला सोडून बहुतेक गाड्यांना सीसीएस-१ होता, जो भारतातल्या सीसीएस-२ पेक्षाही वेगळा. टेस्लाचा स्वतःचा वेगळा, छोटा आणि हलका. त्यांचे पहिले सुपरचार्जर (टेस्लाचे फास्ट चार्जर) २०१२ साली याच कॅलिफोर्नियात उभे राहिले, आणि त्यातला एक आपल्या नेहमीच्या वाटेवरचा, कोलिंगाजवळच्या हॅरिस रँचचा. (गुरांच्या वासाने डोळे मिटूनही ओळखू येतो तो थांबा.) पुढची दहा वर्षं हे जाळं फक्त टेस्लावाल्यांचं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या प्लगचा आराखडा खुला केला आणि त्याला नॅक्स (NACS) असं नाव दिलं. मे २०२३ मध्ये फोर्डने, जूनमध्ये जनरल मोटर्सने तो स्वीकारला, आणि मग एकेक करत बाकीचे आले. प्रत्यक्षात चार्जर खुले झाले ते मात्र टप्प्याटप्प्याने: फोर्डला फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, इतरांना त्यानंतर. म्हणून "सगळ्यांना चालतं" हे ऐकून निघू नका. तुमच्या गाडीचं नाव, मॉडेल आणि साल धरून बघा.

कुठलाही फास्ट चार्जर सुरू व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. प्लग बसला पाहिजे, गाडी आणि खांब यांचं आपसात बोलणं झालं पाहिजे, आणि पैसे कोणाच्या खात्यातून घ्यायचे हे कळलं पाहिजे. भाच्याचं पहिलं जुळल्यासारखं दिसत होतं, म्हणून तो अर्धा तास बाकीच्या दोन गोष्टींशी झटत बसला.

आधी अ‍ॅडॉप्टर. गाडीचं तोंड सीसीएसचं असेल तर नॅक्स ते सीसीएस असा डीसी अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि तो तुमच्या गाडीच्या कंपनीने दिलेला किंवा मान्य केलेलाच घ्या. इथे चार पैसे वाचवू नका. त्यातून एका वेळी शेकडो अँपिअर वीज वाहते. आपल्या गिझरच्या सॉकेटला असते १६ अँपिअर. सेकंडहँड गाडी घेत असाल तर विकणाऱ्याला आधी विचारा, "अ‍ॅडॉप्टर सोबत देताय का?" कंपनीने पहिल्या मालकाला तो फुकट दिलेला असू शकतो आणि तो त्याच्या गॅरेजमध्ये पडलेला असतो. नव्या गाड्यांत आता टेस्लाचंच तोंड यायला लागलंय, उदाहरणार्थ ह्युंदाईची २०२५ ची आयोनिक ५. तिला उलटा प्रश्न येतो: टेस्लाच्या खांबावर काही लागत नाही, पण जुन्या सीसीएस खांबावर दुसऱ्या जातीचा अ‍ॅडॉप्टर लागतो. आणि जुनी निसान लीफ स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका. तिचं फास्ट चार्जिंग चाडेमो प्रकारचं आहे, टेस्लाच्या खांबावर ती चालत नाही, आणि तसे चार्जर कमी होत चाललेत. गावातल्या गावात उत्तम गाडी, पण आय-५ साठी नाही.

काही ठिकाणी टेस्लाने खांबातच अ‍ॅडॉप्टर बसवलाय, त्याला मॅजिक डॉक म्हणतात. अ‍ॅपमध्ये जागा निवडली की आतलं कुलूप उघडतं आणि हँडल अ‍ॅडॉप्टरसकट बाहेर येतं. सॅन होजेहून सांताक्रूझकडे जाताना स्कॉट्स व्हॅलीला असे खांब अगदी सुरुवातीच्या काळात बसले.

आता अ‍ॅप. टेस्लाची गाडी नसली तरी टेस्लाचं अ‍ॅप घ्यायचं, खातं उघडायचं आणि कार्ड जोडायचं. हे घरी सोफ्यावर बसून करा. नव्याने आलेल्यांची अडचण अशी की फोनचं अ‍ॅप स्टोअर अजून भारतातलं असतं, त्यामुळे इथल्या काही चार्जिंग कंपन्यांची अ‍ॅप दिसतच नाहीत. कार्डही भारतातलं, आणि मागतात इथला पिनकोड. इथलं कार्ड हातात पडेपर्यंत लांबचा प्रवास आखू नका. अ‍ॅपमध्ये दुसऱ्या ब्रँडच्या गाडीसाठीचा पर्याय निवडला की तुम्हाला चालणारेच थांबे दिसतात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्या पिढीचे जुने खांब दुसऱ्या ब्रँडच्या गाड्यांशी बोलतच नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीचे चालतात. नुसत्या नकाशावर मात्र सगळे सारखेच दिसतात.

प्रत्यक्ष करायचं ते असं. गाडी लावली की खांबाच्या पायथ्याशी क्रमांक असतो, २बी वगैरे. हँडलला अ‍ॅडॉप्टर खटकन बसेपर्यंत लावा, मग दोन्ही मिळून गाडीत. अ‍ॅपमध्ये तोच क्रमांक निवडा आणि सुरू करा. ज्या खांबाची केबल हातात आहे त्याचा क्रमांक, ज्या जागेत गाडी उभी आहे तिचा नव्हे! या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, कारण आता येते ती पार्किंगची गंमत.

टेस्लाचं चार्जिंगचं झाकण मागे डावीकडे असतं. टेस्लावाले रिव्हर्सने गाडी लावतात, खांब मागे डाव्या अंगाला येतो, आणि केबल तेवढ्यापुरती, आखूड. माझ्या आयोनिकचं झाकण मागे उजवीकडे. रिव्हर्सने लावली की माझ्या जागेची केबल डावीकडे लोंबकळते आणि उजव्या झाकणापर्यंत पोचत नाही. मग उजव्या हाताच्या शेजारच्या जागेची केबल ओढून घ्यावी लागते, आणि त्या जागेवर येणाऱ्या टेस्लाला केबलच उरत नाही. शेव्हरोलेची बोल्ट किंवा फोर्डची मस्टँग माक-ई यांचं झाकण पुढे डावीकडे. त्यांनी सरळ नाकाने गाडी लावली तरी हीच अडचण. पहिल्या वेळी शेजारी आलेले एक आजोबा काच खाली करून माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला इतकं कानकोंडं झालं की मी केबल काढून दुसरीकडे गेले.

आता मी असं करते. आधी चौथ्या पिढीचे उंच खांब शोधते, त्यांची केबल लांब असते. ते नसले तर ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांसाठी आरपार जायची जागा असते, ती रिकामी असेल तर तिथे. तीही नसेल आणि माझ्यासारखीच दुसरी गाडी आधीच लागलेली असेल, तर रिव्हर्स करून तिच्या डाव्या हाताला लावते. तिने स्वतःची केबल सोडून पलीकडची घेतलेली असते, तिची मोकळी केबल मला मिळते. दोघींत मिळून एकच जागा वाया जाते. गर्दी असेल तर उतरून शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. इथे लोक रांगेचे पक्के असतात, पण समजावून सांगितलं की ऐकतात.

पैशांचं सांगते. आपल्या लाइटबिलात ज्याला युनिट म्हणतो तेच इथलं किलोवॅट-तास, आणि दर त्यावर. दर थांब्याप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतो, रात्री उशिरा बराच उतरतो. टेस्ला नसलेल्यांना दर जास्त लागतो, पण महिन्याची वर्गणी भरली की टेस्लावाल्यांचाच दर मिळतो. अ‍ॅपमध्ये दोन्ही दर दिसतात. लांब प्रवासाच्या महिन्यात वर्गणी घ्या आणि परत आल्यावर बंद करा. चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच ठेवून जेवत बसलात आणि थांबा गर्दीचा असला, तर मिनिटाला अर्धा ते एक डॉलर दंड लागतो. आणि नव्या गाडीबरोबर मिळालेलं मोफत चार्जिंग सहसा एका ठरावीक जाळ्यापुरतंच असतं, टेस्लाच्या खांबावर ते बहुधा चालत नाही.

वेगाबद्दलही अपेक्षा नीट ठेवा. आयोनिक ५ आणि कियाची ईव्ही६ या ८०० व्होल्टच्या गाड्या. ३५० किलोवॅटच्या सीसीएस खांबावर १० ते ८० टक्क्यांना २० मिनिटांच्या आसपास लागतात. टेस्लाचे बहुतेक खांब ४०० व्होल्टच्या गाड्यांसाठी बनलेले, त्यामुळे तिथे त्याच गाडीला अर्धा तास किंवा जास्त लागतो. म्हणून माझा पहिला पर्याय अजूनही चांगला चालणारा सीसीएस खांब, आणि टेस्लाचा हक्काचा दुसरा. जुन्या, २०२३ पर्यंतच्या बोल्टचं उलट आहे. ती मुळात ५५ किलोवॅटच्या आतच घेते, तेव्हा टेस्लाच्या २५० किलोवॅटच्या खांबावर तिला काही जादा मिळत नाही आणि मागे रांग खोळंबते. तिला कमी ताकदीचा सीसीएस खांब पुरतो.

८० टक्क्यांच्या पुढे कुठल्याही गाडीचा वेग एकदम पडतो, भांडं भरत आल्यावर आपण नळ बारीक करतो तसा. तिथे बसून १०० करण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर पुन्हा घ्या. अपवाद एकच: लॉस एंजेलिसच्या अलीकडचा ग्रेपव्हाइनचा चढ. दरीच्या सपाटीवरून ४,००० फुटांच्या वर तेहोन खिंडीत जायचं, आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. पहिल्यांदा जाताना बायामाणसं घाबरतात, बाप्येही घाबरतात. चढाआधी २०-२५ टक्के जास्त ठेवा. पलीकडच्या उतारावर थोडं परत मिळतं. थंडीत निघालात तर चार्जरचा पत्ता गाडीच्या स्वतःच्या नकाशात घाला; ज्या गाड्यांत सोय आहे त्या पोचण्याआधी बॅटरी गरम करून ठेवतात.

सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू म्हणजे अ‍ॅडॉप्टर. हँडलला अडकलेला तसाच राहतो, आपण निघून जातो, आणि ३० मैलांवर आठवतं. मी त्याला माझ्या जुन्या साडीच्या काठाची लाल पट्टी बांधलीय आणि दुसरं टोक गाडीच्या किल्लीच्या पिशवीला.

भाच्याला मी नंतर एका रविवारी सकाळी घराजवळच्या थांब्यावर नेलं. योग्य अ‍ॅडॉप्टर, अ‍ॅप, जागेचा क्रमांक, सुरू, बंद, काढणं. पाच डॉलरची वीज घेतली असेल. दोनदा त्याच्या हातून, दोनदा सूनबाईंच्या हातून, कारण रात्री थांब्यावर कोण जागं असेल सांगता येत नाही. तुम्हीही गाडी आल्याच्या पहिल्या आठवड्यात हे उरका, बॅटरी ६० टक्के असताना आणि कुठेही पोचायची घाई नसताना.

आणि भारतातून आई-वडील आलेले असतील तर थांबा निवडताना चार्जरच्या आधी स्वच्छतागृह बघा. बरेच खांब मॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये असतात आणि रात्री नऊ-दहानंतर तिथली सगळी दारं बंद होतात. मी माझ्या सासूबाईंसाठी या वाटेवरचे रात्रभर उघडे असणारे थांबे वेगळे लिहून ठेवलेत. तो कागद गाडीच्या कप्प्यात, अ‍ॅडॉप्टरच्या शेजारी असतो.