लिलावातील जुने मनगटी घड्याळ बोलीपूर्वी कसे तपासावे

संग्राह्य मनगटी घड्याळाचे मोल त्याचे मूळ भाग किती शाबूत आहेत यावर ठरते, आणि मूळपणाचा सर्वांत बोलका पुरावा तबकडीवर असतो. म्हणून लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात घड्याळ हातात घेण्याची संधी मिळाली, तर निम्म्याहून अधिक वेळ तबकडीलाच द्यावा.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन अक्षरांच्या कडा पाहाव्यात. मूळ छपाईची अक्षरे सहसा रेखीव असतात आणि त्यांची जाडी सारखी असते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर ती फुगीर किंवा किंचित तिरकी दिसतात, मिनिटांच्या रेघा खुणांशी नीट जुळत नाहीत आणि सेकंदाच्या छोट्या वर्तुळाची कड पुसट होते. उन्हाने तपकिरी पडलेला काळा रंग किंवा कडेचे बारीक डाग पाहून मात्र मागे हटू नये. माझ्या मते प्रामाणिकपणे जुनी झालेली तबकडी कोणत्याही चकचकीत नूतनीकरणापेक्षा मोलाची आहे, आणि बहुतेक जाणकार संग्राहकही तिलाच पसंती देतात.

यानंतर अंधारात चमकणाऱ्या लेपाकडे वळावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यासाठी रेडियम वापरत. साठच्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली आणि नव्वदच्या दशकात किरणोत्सर्गी नसलेले लेप आले. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षे असल्याने साठच्या दशकातील लेप आज स्वतःहून जवळजवळ चमकत नाही. घड्याळ त्या काळचे म्हणून मांडले असेल आणि अतिनील दिवा दाखवून बंद केल्यानंतरही लेप बराच वेळ ठळकपणे उजळत राहिला, तर तो नंतर भरलेला असण्याची दाट शक्यता आहे. काट्यांवरील आणि तबकडीवरील लेपाच्या रंगात फरक दिसल्यास काटे बदलले आहेत का, हे विचारावे. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग टिकून असतो, त्यामुळे असे घड्याळ स्वतः उघडू नये.

केसबाबत, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या बाह्य कवचाबाबत, एकच गोष्ट पाहावी: पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या कडा धारदार आहेत की वारंवार पॉलिश करून गोलावल्या आहेत. घासून गेलेला धातू परत आणता येत नाही.

कागदपत्रे आवश्यक आहेत, पण त्यांच्यावर विसंबून तपासणी टाळू नये. २०२१ मध्ये जिनिव्हातील लिलावात ओमेगा कंपनीचे स्पीडमास्टर मॉडेलचे एक घड्याळ, ज्याची अंदाजित किंमत ८०,००० ते १,२०,००० स्विस फ्रँक होती, ते ३१ लाखांहून अधिक फ्रँकला विकले गेले. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते आणि त्यात आपल्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, असे खुद्द ओमेगाने २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणून यंत्राचा क्रमांक, केसचा क्रमांक आणि निर्मात्याच्या संग्रहातील नोंद या तिन्हींची सांगड लागते का, हे लेखी विचारावे. मालकीचा इतिहास सांगितला असेल, तर त्याचे छायाचित्र किंवा पत्र मागावे. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेले, कारण पत्नीने कोरून घेतलेला मजकूर, त्यांची ते घातलेली छायाचित्रे आणि ज्याला त्यांनी ते दिले त्या व्यक्तीची साक्ष यांतून एक अखंड साखळी उभी राहत होती.

बोलीची कमाल मर्यादा आदल्या दिवशीच लिहून ठेवावी. ती ठरवताना हातोडी पडलेल्या किमतीवर खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क, जे मोठ्या लिलावगृहांत अनेकदा पाव हिश्शाच्या आसपास असते, शिवाय कर, विमा आणि दुरुस्तीचा खर्च धरावा. स्थिती अहवालात ‘चालू आहे’ असे लिहिलेले असले, तरी ते अचूक वेळ दाखवते किंवा पाण्यापासून सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

घड्याळ ताब्यात आल्यावर ते नियमित वापरण्याआधी जुन्या यंत्रांचा अनुभव असलेल्या कारागिराकडून साफ करून तेल घालून घ्यावे. केस पॉलिश करू नये, तबकडी आणि काट्यांना हात लावू नये, आणि बदलावा लागलेला प्रत्येक जुना भाग पाकिटात घालून परत द्यावा, या तीन सूचना त्याला लेखी द्याव्यात.