एल निनोची बातमी आणि आपली तिफण

मे सरत आला की पारावर एकच प्रश्न: "यंदा एल निनो म्हणतात, सोयाबीन पेरावं की नको?" पेरावं. पण बातमी ऐकून नव्हे, ओल बघून.

प्रशांत महासागराच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या विषुववृत्तीय पट्ट्यातलं पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश किंवा जास्त तापून महिनोन्‌महिने तसंच राहिलं की तो एल निनो. त्यात आपला पाऊस बऱ्याचदा मार खातो, दर वेळी नाही. १९९७ ला एल निनो जबर होता, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. त्या वर्षी हिंद महासागर आफ्रिकेच्या अंगाला तापलेला, सुमात्राच्या अंगाला थंड होता, आणि ते आपल्या पथ्यावर पडलं. २००२ चा एल निनो त्या मानाने साधा, पण जुलै कोरडा गेला. हजारो तरंगती यंत्रं दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारून समुद्राचं तापमान मोजतात. त्यातून हंगामाचा कल कळतो, तुमच्या शेतात पाऊस कधी पडेल ते नाही.

खरी भीती खंडाची, म्हणजे मधेच पाऊस दडी मारण्याची. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता. हंगाम सरासरीच्या ९४ टक्क्यांवर संपला, पण फुलोऱ्यातल्या सोयाबीनला त्या सरासरीचं काय सोयरसुतक!

तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण जुंपू नका. खुरप्याने वीतभर उकरा. खालच्या मातीचा मुठीत गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. वर ओल आणि खाली फुफाटा असेल तर शेजाऱ्याने पेरलं तरी थांबा. दुबार पेरणीचं बियाणं शेजारी देत नाही.

घरचं बियाणं आत्ताच तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्यात सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरे. पोती आपटू नका, सोयाबीनची साल फार नाजूक.

पेरणी रुंद वरंबा सरीवर, म्हणजे रुंद उंचवटा आणि त्याच्या दोन्ही अंगांना सरी, सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन. जुलैचा पहिला आठवडा उलटला तर मूग-उडदाचा नाद सोडा, १५ जुलैनंतर सोयाबीनचाही. तूर, बाजरी, सूर्यफूल बघा.

खंड पडला की भेगा पडायच्या आत कोळपणी करा, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवा. पीक पार माना टाकण्याआधी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट फवारा. विहिरीत थोडंच पाणी असेल तर ते फुलोऱ्यासाठी आणि शेंगा भरण्यासाठी राखा, आणि एक सरी सोडून एक सरी द्या.