डॉक्युमेंटेशनचं मार्कअप दुरुस्त करायला बसण्याआधी

मुक्त स्रोत प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनमधलं मार्कअप, म्हणजे शीर्षक, यादी, कोड दाखवणाऱ्या खुणा, दुरुस्त करायला रविवारी बेळगावात टिळकवाडीत बसायचं पक्कं आहे, तेव्हा पुढची सगळी तयारी शनिवारी रात्रीच उरकून या. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्यांचे दोन-तीन तास बसमध्येच जाणार. उरलेला वेळ डाउनलोडची पट्टी सरकताना बघण्यात घालवू नये. शिवाय पावसाचे दिवस आहेत. इकडे आभाळ भरून आलं की लाईटचा भरवसा नसतो, आणि लाईट गेली की वायफायही जातं. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा आणि नेट नसलं तरी काम चालेल अशा बेतानेच या.

ज्या प्रकल्पाचं काम घेतलंय त्याचा फोर्क (आपल्या खात्यातली प्रत) काढून घरीच क्लोन करून, म्हणजे लॅपटॉपवर उतरवून, ठेवा. जुना सगळा इतिहास लागत नाही. क्लोन करताना डेप्थ एक दिली, म्हणजे फक्त शेवटची नोंद मागितली, की बरंच कमी उतरतं. मग या कामापुरतं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथॉनची स्वतंत्र जागा) करा आणि प्रकल्पाच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये जी आवृत्ती दिली असेल तेच स्फिंक्स (साध्या मजकुरापासून डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं साधन) त्यात घाला. ‘माझ्याकडे आधीपासून आहे की’ म्हणून दुसऱ्याच आवृत्तीवर चालवलं, तर मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) कधीच न दिसलेल्या वॉर्निंग तुम्हाला दिसतील आणि तुम्ही त्यांच्याच मागे लागाल.

आता एक अक्षरही न बदलता एकदा पूर्ण बिल्ड करा, म्हणजे सगळी पानं तयार करून घ्या. जेवढ्या वॉर्निंग येतील तेवढ्या एका फाइलमध्ये साठवून ठेवा. स्फिंक्स-बिल्डला त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे. आपल्या बदलाने काय सुटलं आणि काय नव्याने बिघडलं, हे या फाइलशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. इथे बरेच जण फसतात ते असं: दुसऱ्यांदा बिल्ड करताना स्फिंक्स फक्त बदललेल्या फाइली वाचतं, त्यामुळे दोनशे वॉर्निंगच्या पाच झाल्यासारख्या वाटतात. त्या कमी झालेल्या नसतात, नुसत्या दिसेनाशा झालेल्या असतात. तुलना करायची तर जुना बिल्ड पुसून पहिल्यापासून करा. आणि नेट बंद असताना स्फिंक्सचा इंटरस्फिंक्स हा भाग दुसऱ्या प्रकल्पांच्या सूच्या आणायला जातो आणि मिळाल्या नाहीत म्हणून कुरकुर करतो. ती तक्रार आपल्या यादीत धरू नका.

फाइल उघडण्याआधी ती कोणत्या मार्कअपमध्ये आहे हे बघा. हे सांगायला नको असं वाटेल, पण निम्म्या चुका इथूनच येतात. मार्कडाउन २००४ साली आलं आणि आता आपल्या सगळ्यांच्या बोटांत तेच बसलंय. स्फिंक्स २००८ साली पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठी निघालं, आणि त्याची मूळ भाषा रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही मार्कडाउनच्याही आधीची. लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशनही २०१६ पासून तिकडे वळलं. मार्कडाउनमध्ये कोडसाठी दोन्ही बाजूंना एक बॅकटिक (`) पुरतो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये दोन लागतात, आणि एकच टाकला तर मजकूर नुसता तिरका होतो, कोड होत नाही. वॉर्निंग येत नाही, पानही बिघडल्यासारखं दिसत नाही. म्हणून अशा चुका वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात.

अशा गप्प राहणाऱ्या चुका आणखीही आहेत, त्यांची ओळख आधीच करून घ्या. सूचनेच्या चौकटीसाठी दोन टिंबं, नाव आणि त्यापुढे दोन कोलन लागतात (.. note::). एक कोलन टाकायचा राहिला की ती आख्खी चौकट कॉमेंट समजली जाते आणि पानावरून गायब होते. ‘ही आज्ञा चालवण्याआधी बॅकअप घ्या’ असं लिहिलेली चौकट नाहीशी झाली तर वाचणाऱ्याचं काय होईल याचा विचार करा. स्फिंक्स-लिंट हे चुका शोधणारं साधन ही चूक पकडतं, म्हणून तेही शनिवारीच बसवून घ्या. यादीच्या आधी रिकामी ओळ नसली की रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये सगळे मुद्दे एका परिच्छेदात गोळा होतात. लिंकच्या शेवटचा अंडरस्कोर (_) टाकायचा राहिला तर ती लिंकच होत नाही. यांतली एकही गोष्ट सोर्स वाचून नीट दिसत नाही, म्हणून एका बाजूला सोर्स आणि दुसऱ्या बाजूला ब्राउझरमध्ये तयार झालेलं पान, अशीच बैठक मांडा.

आता खास आपल्यासाठीचा भाग. इंग्रजीत लिहिणाऱ्या मेंटेनरला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून यात आपणच तयार असायला हवं.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. आपण सहज लिहून जातो: ``सेटिंग``मध्ये. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा नियम असा की मार्कअप जिथे संपतं तिथे पुढे स्पेस किंवा विरामचिन्ह हवं. पुढे ‘म’ आला की त्याच्या दृष्टीने कोड संपलेलाच नसतो. परिच्छेदात असा एकच शब्द असेल तर निदान वॉर्निंग तरी येते. पण ``सेटिंग``मध्ये आणि ``मेनू`` असे दोन असतील, तर तो पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या शेवटापर्यंत सगळं एकच कोड धरतो आणि वॉर्निंगही देत नाही. यावरचा उपाय म्हणजे मध्ये बॅकस्लॅश आणि स्पेस घालायची: ``सेटिंग``\ मध्ये. पानावर ती स्पेस दिसत नाही, प्रत्यय चिकटलेलाच राहतो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट वाचणाऱ्या डॉकयुटिल्समध्ये शब्दाच्या मध्येही मार्कअप चालू देणारी सोय आहे, पण ती सुरू करायची की नाही हे प्रकल्पाने ठरवायचं. आपल्या दुरुस्तीत गुपचूप घालून द्यायची नाही. कन्नड फाइली घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. तिकडचे -अल्लि, -इंद तसेच चिकटतात, त्यामुळे दुखणंही तेच आणि औषधही तेच.

मार्कडाउनमध्ये बॅकटिकचा हा त्रास नाही, पण दुसरे आहेत. _सूचना_मध्ये असं लिहिलं तर अंडरस्कोर तसेच छापले जातात, कारण शब्दाच्या मध्ये अंडरस्कोरला जोर नसतो. तिथे तारा (*) वापरा. आणि **मेनू (मुख्य)**मध्ये असं लिहिलं की ठळक होण्याऐवजी तारेच पानावर येतात, कारण बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी कंस आणि पुढे अक्षर, हे कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउनच्या प्रमाणित रूपाच्या, नियमात बसत नाही. कंस ठळक भागाच्या बाहेर काढला की काम होतं.

क्रमांकाच्या यादीत आकडे इंग्रजीच हवेत. सोर्समध्ये १, २, ३ देवनागरीत टाकले तर मार्कडाउन आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट दोघेही त्याला यादी मानत नाहीत, साधा मजकूर म्हणून छापतात. शीर्षकाखालची रेघ आणखी मजेची. ‘तयारी’ बघायला तीन अक्षरं, पण मशीनच्या हिशेबात काना आणि वेलांटी वेगळे धरून पाच. खाली बरोबरच्या (=) चार खुणा टाकल्या तर रेघ अपुरी असल्याची वॉर्निंग येते, आणि तीनच टाकल्या तर वॉर्निंगही न येता ते शीर्षक साधा मजकूर धरलं जातं. मोजत बसू नका, सढळ हाताने लांब रेघ ओढा. लांबीची तक्रार कोणी करत नाही. फक्त वरही रेघ असेल तर दोन्ही सारख्या ठेवा. त्याच फाइलींमध्ये शीर्षकाच्या वर स्वतःचं लेबल आहे का तेही बघा. डॉकयुटिल्स शीर्षकावरून आपोआप पत्ता बनवताना देवनागरी आणि कन्नड अक्षरं टाकून देतं आणि नुसता अनुक्रमांक ठेवतं. मध्ये एक नवीन शीर्षक आलं की सगळे अनुक्रमांक सरकतात आणि बाहेरून आलेल्या लिंका भलतीकडे जातात. अधिक-उण्याच्या खुणांनी काढलेल्या तक्त्यांशी तर झुंजूच नका. देवनागरीत ते कोणत्याही एडिटरमध्ये सरळ दिसत नाहीत. लिस्ट-टेबल वापरा आणि पुढे चला.

एक गोष्ट जपून करायची आहे. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरं असतात, आणि ती काढून टाकणाऱ्या स्क्रिप्ट बऱ्याच जणांकडे तयार असतात. इंग्रजी फाइलवर खुशाल चालवा. मराठी-कन्नड फाइलवर नाही. अर्धा र काही कीबोर्डवर झीरो विड्थ जॉइनर घालूनच तयार होतो. तो उडवला की ‘तयार्‍या’चं ‘तयार्या’ होतं, आणि डिफमध्ये (आधीच्या आणि नंतरच्या मजकुरातल्या फरकात) बघून ते चटकन ध्यानात येत नाही. कन्नडमध्येही काही जोडाक्षरांसाठी हाच जॉइनर लागतो. कीबोर्डचंही आधीच बघून ठेवा. इनस्क्रिप्टवर बॅकटिकच्या आणि ताऱ्याच्या जागी आपली अक्षरं बसलेली असतात, त्यामुळे दर खुणेला इंग्रजीत जाऊन परत यावं लागतं. कीबोर्ड बदलण्याची कळ बोटाला पाठ असू द्या, नाहीतर लागणाऱ्या खुणा एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि चिकटवा.

भाषांतराचं काम पीओ फाइलींमध्ये (मूळ वाक्य आणि त्याखाली भाषांतर अशा फाइलींमध्ये) असेल तर मूळ वाक्यात जेवढे संदर्भ आहेत तेवढेच भाषांतरात हवेत. कमी-जास्त झाले की स्फिंक्स सांगतं. संदर्भाचं लक्ष्य, म्हणजे फंक्शनचं किंवा फाइलचं नाव, भाषांतरित करायचं नाही.

एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप फॉरमॅट करणं बंद करा. ओळीच्या शेवटच्या स्पेस कापणं हा निरुपद्रवी उद्योग वाटतो, पण मार्कडाउनमध्ये शेवटच्या दोन स्पेस म्हणजे ओळ तोडण्याची खूण असते. टॅबच्या जागी स्पेस आणि किती, हे प्रकल्पाच्या नियमावलीत बघा; पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तीन असतात, आणि तीन ऐकून सगळेच एकदा चमकतात. परिच्छेद नव्याने बांधून घेऊ नका. एक बॅकटिक घालून बारा ओळी बदललेल्या दिसल्या तर तपासणाऱ्याने बघायचं काय?

आणि सगळीकडे एकदम शोधा-बदला अजिबात नको. ‘एका बॅकटिकचे दोन करू या’ म्हणून आख्ख्या फोल्डरवर आज्ञा चालवली की ज्या लिंका आणि फंक्शनचे संदर्भ एकाच बॅकटिकवर उभे आहेत ते सगळे मोडतात. शोध एकदम घ्या, बदल एकेक करा. पान आपोआप तयार होणारं आहे का हेही बघा. बऱ्याच ठिकाणी मजकूर कोडमधल्या डॉकस्ट्रिंगमधून (फंक्शनसोबतच लिहिलेल्या माहितीतून) येतो, तिथे दुरुस्ती कोडच्या फाइलमध्ये करावी लागते. मुख्य ब्रँचवर (प्रकल्पाच्या चालू प्रतीत) ती चूक कुणी आधीच काढलेली नाही ना, याचीही खात्री करा.

आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) निघालं की फेटलिंगवाला वरचे बर, म्हणजे कडेला राहिलेले खरखरीत तुकडे, काढतो, मापाला हात लावत नाही. आपलं काम तेवढंच. वाक्य आवडलं नाही, शब्द जुना वाटला, स्वल्पविराम खटकला, तरी या खेपेला सोडून द्या. हवं तर वेगळा मुद्दा नोंदवा. एखाद्या उदाहरणात आपल्या गावाचं नाव आलंच, तर ते बेळगाव आहे की बेळगावी, यावरही रविवारी चर्चा नको. नाहीतर संध्याकाळपर्यंत एकही कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) होणार नाही, हे आपण सगळे ओळखून आहोत.

पाठवण्याआधी गिट डिफ शब्दांच्या पातळीवर लावून एकदा वाचा आणि बदललेलं प्रत्येक पान ब्राउझरमध्ये उघडून बघा. एका प्रकारची चूक, एक कमिट. एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) एका विभागातल्या त्याच प्रकारच्या सगळ्या दुरुस्त्या घाला. एका-एका शब्दाच्या वीस रिक्वेस्ट पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात मुक्त स्रोत प्रकल्पांना योगदान करायच्या उपक्रमात, टी-शर्टसाठी अशा फुटकळ रिक्वेस्टचा इतका पूर आला की संयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेवढेच त्यात धरावे लागले. तेव्हापासून डॉक्युमेंटेशनमधली बारीक दुरुस्ती म्हटलं की काही मेंटेनर कपाळाला आठ्या घालूनच उघडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून कमिटच्या संदेशात आधी पान कसं दिसत होतं, आता कसं दिसतं आणि नियम कोणता, हे तीन-चार ओळींत लिहा. प्रत्ययाची भानगड असेल तर आवर्जून लिहा, कारण ज्याला मराठी येत नाही त्याला तो बॅकस्लॅश चूकच वाटणार आणि तो काढायला सांगणार. आधीचं आणि नंतरचं असे दोन स्क्रीनशॉट जोडले की वाद उरत नाही.

काही प्रकल्पांत योगदानाचा करार ऑनलाइन मान्य करावा लागतो, काही ठिकाणी, उदाहरणार्थ लिनक्स कर्नलमध्ये, कमिटखाली साइन-ऑफची, म्हणजे हा बदल पाठवण्याचा आपल्याला हक्क असल्याच्या कबुलीची, ओळ लागते. गिटमध्ये नाव आणि ईमेल नीट भरलेत का ते शनिवारीच तपासा. उत्तर त्याच दिवशी येणार नाही. चार-सहा आठवडे गेले तरी रोज विचारत राहू नका. बदल सुचवले तर नवीन रिक्वेस्ट न उघडता त्याच ब्रँचवर कमिट ढकला, आणि रेपो (प्रकल्पाची उतरवलेली प्रत) हार्ड डिस्कवरून लगेच पुसून टाकू नका. जेवायचं तिथेच बघू, डबे आणायची गरज नाही. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र ज्यांच्याकडे असेल त्यांनी घेऊन या, खोलीत सॉकेट दोनच आहेत.