पल्सर २२०चा ऑईल कूलर असा सांभाळा

गॅरेजमध्ये पल्सर २२० आली की मी आधी खाली वाकून ऑईल कूलर बघतो. ऑईल फक्त घर्षण कमी करतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पिस्टनची खालची बाजू, क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, इंजिनच्या वरच्या हेडमधला, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, इथे बाहेरचा वारा पोचतच नाही. तिथली उष्णता ऑईलच उचलतं. पंप ते इंजिनच्या तळाच्या चेंबरमधून ओढून इंजिनभर फिरवतो, कूलरमध्ये ते पातळ पात्यांमागच्या नळ्यांतून जातं आणि वाऱ्याने थोडं निवून परत येतं. म्हणजे पाती बुजली की कूलर असून नसल्यासारखा.

आमच्या कराड भागात ऊसतोड सुरू झाली की पाचटाचा भुगा आणि धूळ पात्यांत गच्च बसते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर साध्या पाईपने पाणी मारा, जमेल तितकं मागच्या बाजूने, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. चिकट तेलकट थर असेल तर शाम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची गन कूलरजवळ आणू देऊ नका, पाती आडवी होतात. झालीच तर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हळूहळू सरळ करा. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको! नळीला भोक पडलं की कूलरच बदलावा लागतो.

नळ्यांचे जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि फेरफटका मारून पुन्हा बघा. ओल दिसली तर बोल्ट जोर लावून आवळत बसू नका, अॅल्युमिनियमचे आटे जातात. वायसर नवीन टाका.

ऑईलची पातळी गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी काचेतून बघा. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. जास्त ओतलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ ऑईल ना नीट वंगण देतं ना उष्णता नेतं. ग्रेड मॅन्युअलमधलाच, आणि डब्यावर जासो एमए (JASO MA, ऑईलमध्ये बुडलेल्या क्लचच्या बाईकसाठीची खूण) लिहिलेलं बघून घ्या. कारचं ऑईल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

पुढच्या मडगार्डची रबरी पट्टी काढू नका, तीच चिखल अडवते. क्रॅश गार्डला कूलरसमोर बॅग बांधू नका. आणि या कूलरला पंखा नाही, गाडी पळेल तेवढाच वारा. घाटात कोंडी लागली तर इंजिन बंद करून थांबा.